"चुंबकानं दारू सुटते" हे मीच छापलं होतं

पोस्ट मोठी आहे. आत्ता वेळ नसेल तर रात्री जेवणं झाल्यावर वाचा, पण सोडू नका. आणि शिव्या घालायच्या असतील तर मलाही घाला, कारण या प्रकरणात मीही आहे.

मागच्या दिवाळी पुरवणीसाठी जाहिराती गोळा करत फिरत होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, तालुक्याच्या पत्रकाराला पगार नसतो, असला तर तो पेट्रोल आणि रिचार्जमध्ये जातो. घर चालतं ते जाहिरातींच्या कमिशनवर. तर शेजारच्या मोठ्या शहरातलं एक क्लिनिक भेटलं. नाव लिहीत नाही, कारण मुद्दा एका क्लिनिकचा नाही, अशी आता बरीच आहेत. त्यांना अर्धं पान हवं होतं, पण जाहिरात म्हणून नको, बातमीसारखं हवं. मी बसलो आणि लिहून दिलं. मथळा माझाच: "आता चुंबक सोडवणार दारू!" खाली मजकूर: गोळ्या नाहीत, ॲडमिट होणं नाही, ऑपरेशन नाही, अमेरिकेत मान्यता मिळालेलं यंत्र, वीस सिटिंगमध्ये कायमची व्यसनमुक्ती. त्यातलं उद्गारचिन्हसुद्धा माझंच. कमिशन मिळालं, मुलीच्या क्लासची फी भरली, विसरून गेलो.

फेब्रुवारीत एक बाई घरी आल्या. मंगळवारच्या बाजारात मेथी-कोथिंबीर घेऊन बसतात. नवरा मोंढ्यात हमाल. पिशवीतून घडी घातलेलं कात्रण काढलं, ओट्यावर पसरलं आणि विचारलं, "दादा, हे तुम्हीच छापलंय ना?" मी हो म्हणालो. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मग पैसे परत देतील का, तेवढं बोलून बघता का?"

त्यांनी बचत गटातून चाळीस हजार उचलले होते. वीस सिटिंगचं पॅकेज छत्तीस हजार, सगळे आगाऊ. बाकीचे एसटीच्या तिकिटाला. नवरा बारा-पंधरा वर्षं रोज पिणारा. सकाळी उठल्यावर हात थरथरतात म्हणून चहाच्या आधी दारू लागायची, इथपर्यंत गेलेला. क्लिनिकमध्ये सांगितलं, उद्यापासून बंद करून या. गडी खरंच बंद करून गेला. लोक म्हणतात ना, पिणाऱ्याला इच्छाशक्ती नसते, त्यांनी हे जरा लक्षात घ्या. पंधरा वर्षांची दारू एका रात्रीत बंद करून हा माणूस सकाळच्या एसटीत बसला.

दोन सिटिंग झाल्या. दुसऱ्या रात्री घरात फिट आली. जीभ चावली, तोंडातून रक्त, पोरं रडायला लागली. शेजाऱ्याच्या पिकअपमधून ग्रामीण रुग्णालय, तिथून जिल्ह्याला. चौथ्या दिवशी त्याला भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या, बायकोला ओळखेना, सलाईन उपसून पळायला लागला. घरच्यांना वाटलं वेड लागलं. वाचला. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आणि सिस्टरांनी वाचवला, हे आधी लिहून ठेवतो, कारण पुढं सरकारी व्यवस्थेलाही बोलणार आहे.

क्लिनिकचं उत्तर: पेशंटनं कोर्स अर्धवट सोडला, पैसे परत मिळत नाहीत.

त्या दिवसापासून मी हा विषय वाचतोय. छापण्याआधी वाचायला हवं होतं, ते नंतर वाचलं.

पहिलं म्हणजे हे यंत्र थोतांड नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण कमेंटमध्ये काही जण लगेच "सगळे डॉक्टर लुटारू" सुरू करतील. यंत्राचं नाव टीएमएस, म्हणजे डोक्याची कवटी न उघडता बाहेरून चुंबकीय स्पंदनं देऊन मेंदूला उत्तेजन देणं. इंग्लंडमधल्या शेफील्डला अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली ते पहिल्यांदा करून दाखवलं. तारेच्या वेटोळ्यातून विजेचा झटपट प्रवाह सोडायचा, त्यानं क्षणभर जोरदार चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि ते कवटीतून आत जाऊन मेंदूच्या वरच्या थरात बारीकशी वीज निर्माण करतं. शाळेत फॅरेडेचा नियम शिकलो होतो ना, तोच. शॉक ट्रीटमेंट ती ही नव्हे. माणूस जागा असतो, खुर्चीत बसलेला असतो, कानात बोळे घातलेले असतात कारण यंत्र टकटक आवाज करतं. किती जोर लावायचा हे हाताचा अंगठा उडतोय का बघून ठरवतात. डोकं थोडं दुखतं, बाकी बहुतेकांना काही होत नाही.

दारूशी याचा संबंध काय? दारूची तलफ आणि त्या तलफेला आवर घालण्याची ताकद, दोन्ही मेंदूत. कपाळामागचा जो भाग "थांब" म्हणतो तो वर्षानुवर्षांच्या पिण्यानं दुबळा होतो. त्याला बाहेरून चालना दिली तर तलफ कमी होईल का, हा प्रश्न. प्रश्न चांगला आहे आणि त्यावर चांगली माणसं काम करताहेत. आपल्या देशात रांचीच्या केंद्रीय मनोरुग्ण संस्थेत यावर अभ्यास झाला, २०१० साली तो प्रसिद्ध झाला. ४५ पेशंट. काहींना खरं यंत्र, काहींना खोटं, म्हणजे आवाज तोच पण परिणाम नाही असं. दहा सिटिंग. खऱ्या यंत्रवाल्यांची तलफ जास्त कमी झाली. आनंदाची गोष्ट आहे, अभिमानाचीही. पण त्यात मोजली ती तलफ. "कायमची मुक्ती" मोजायला माणसाच्या मागं वर्षानुवर्षं जावं लागतं.

आता दुसरी बाजू. स्वीडनमध्ये ५६ पिणाऱ्यांवर असाच अभ्यास झाला, तो २०२० मध्ये आला. मेंदूचा थोडा वेगळा, खोलवरचा भाग निवडला होता. खऱ्या यंत्रानं लोकांचं पिणं कमी झालं. आणि खोट्या यंत्रानंही तेवढंच कमी झालं! फरकच नाही. मी हे वाचून बराच वेळ बसून राहिलो. तीन आठवडे कुणीतरी तुमची वाट बघतंय, नीट बोलतंय, आज कसं वाटतंय विचारतंय, आणि तुम्हीही काहीतरी ठरवून आलेले आहात, एवढ्यानंसुद्धा माणूस कमी पितो. मग दोनच वर्षांनी, २०२२ मध्ये, स्वीडन आणि इस्रायलच्या संशोधकांचा आणखी एक अभ्यास आला, पन्नास-एक माणसांवर. यावेळी मेंदूचा दुसरा भाग निवडला, आणि खऱ्या यंत्राचा फायदा दिसला. म्हणजे चित्र असं आहे: कुठं दिसतं, कुठं दिसत नाही, कोणता भाग, किती सिटिंग, किती दिवस टिकतं, हे अजून ठरायचंय. संशोधक स्वतःच तसं म्हणतात. "कायमची मुक्ती" हा शब्द त्यांच्यातल्या कुणाचाही नाही. तो क्लिनिकच्या मार्केटिंगवाल्याचा आहे, आणि कंपोज करून देणारा मी.

आणि ते "अमेरिकेत मान्यता"? हे वाक्य खोटं नाही, म्हणूनच जास्त वाईट आहे. अमेरिकेच्या एफडीएनं या प्रकारच्या यंत्राला २००८ साली मान्यता दिली ती औषधांनी बरं न वाटणाऱ्या नैराश्यासाठी. २०१८ मध्ये ओसीडीसाठी, म्हणजे सारखे हात धुणं, सारखं कुलूप तपासणं वगैरे आजारासाठी. २०२० मध्ये सिगारेट सोडण्यासाठी. दारूसाठी नाही. ट्रॅक्टरला आरटीओचा पासिंग नंबर आहे म्हणून त्याला प्रवासी बस म्हणता येत नाही, इतकं हे साधं आहे. पण मोंढ्यातल्या हमालाच्या बायकोनं हे कुठून तपासायचं? तिनं विश्वास ठेवला तो छापलेल्या अक्षरावर, आणि ते अक्षर माझं होतं.

माझ्या ओळखीचे एक मानसोपचारतज्ज्ञ आहेत. त्यांच्याकडे हे यंत्र आहे, नैराश्याच्या पेशंटना ते देतात, आणि फरक पडलेले लोक मला स्वतःला माहीत आहेत. त्यांना फिटचं सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न: "शेवटची दारू कधी प्यायला होता, हे कुणी विचारलं होतं का?" हा प्रश्न समजून घ्या. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू एकदम तुटली की मेंदू उसळतो. हात थरथरणं, घाम, झोप उडणं हे पहिल्या दिवशी. फिट येण्याचा धोका साधारण पहिल्या दोन दिवसांत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी भास, बरळणं, ज्याला डॉक्टर डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, त्यात माणूस दगावू शकतो. आणि या यंत्राचा क्वचित होणारा पण गंभीर दुष्परिणाम कोणता? फिटच. म्हणून यंत्र लावण्याआधी कुणाला फिटचा धोका आहे, कुणाची दारू नुकतीच तुटली आहे, हे विचारणं हा पहिला धडा आहे. त्या हमालाला फिट यंत्रामुळं आली असं मी म्हणत नाही. दारू तुटल्यामुळं ती तशीही येऊ शकली असती. मी म्हणतो ते यापेक्षा वाईट आहे: तो धोक्याच्या दिवसांत होता आणि समोरच्याला ते माहीत करून घ्यायचं नव्हतं. "गोळ्या नाहीत, ॲडमिट होणं नाही" हीच तर जाहिरात होती. त्याला नेमकं तेच हवं होतं. चार-पाच दिवस ॲडमिट, फिट अडवणाऱ्या गोळ्या हळूहळू कमी करत नेणं, आणि बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं. यात नवीन काही नाही. मशीन नाही, फोटो काढण्यासारखं काही नाही.

इथं जरा जुनी गोष्ट काढतो. आपल्या पिढीनं वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरच्या त्या चौकोनी जाहिराती बघितल्यात. "पिणाऱ्यास न सांगता दारू सोडवा." पुडी पोस्टानं यायची, बायकांनी ती भाजीत, चहात कालवायची. दारू सोडवायला डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे, १९४० च्या दशकाच्या अखेरीस डेन्मार्कमध्ये त्याचा शोध लागला. ते घेऊन वर दारू प्यायली की तोंड लाल, उलट्या, छातीत धडधड. पेशंटला सांगून, तपासून दिलं तर त्याचा उपयोग आहे. चोरून दिलं तर जीवावर बेततं. म्हणजे तेव्हाही असंच झालं. डॉक्टरांच्या हातातली वस्तू कुणीतरी उचलली, तिच्यातली काळजी काढून टाकली आणि चमत्कार म्हणून विकली. आमच्या धंद्यानं तेव्हाही ती जाहिरात छापली. पुडीच्या जागी आता यंत्र आलं, आतल्या पानावरून पुरवणीच्या पहिल्या पानावर आलं, एवढाच काय तो बदल.

मला विचाराल, लोक जातात का अशा ठिकाणी? कारण दुसरं काही जवळ नाही. केंद्र सरकारनं एम्सकडून करून घेतलेलं व्यसनांचं देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये आलं. त्यानुसार देशात पावणेसहा कोटींच्या आसपास लोकांचं पिणं त्रासाच्या किंवा व्यसनाच्या पातळीवर आहे. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकानं कसला ना कसला उपचार घेतला होता. ॲडमिट होऊन उपचार घेतलेला १८० जणांत एक. एक! उरलेल्या १७९ जणांच्या बायका कात्रणं जपून ठेवतात.

आपल्याच गावाचं बघा. बसस्टँडपासून मोंढ्यापर्यंत चालत जा आणि परमिट रूम, वाइन शॉप, देशीची दुकानं मोजा. माझ्या दोन्ही हातांची बोटं पुरली नाहीत. आणि व्यसनाचा पेशंट घेऊन कुठं जायचं, असं ग्रामीण रुग्णालयाच्या खिडकीवर विचारा. "जिल्ह्याला जा." नॅल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट ही तलफ आटोक्यात ठेवणारी औषधं, यंत्रापेक्षा कितीतरी जास्त लोकांवर तपासलेली, ती आपल्या तालुक्यातल्या किती मेडिकलमध्ये मिळतात? मी चार ठिकाणी विचारलं. एकानं मागवून देतो म्हटलं, बाकीच्यांनी नाव दोनदा विचारलं.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे. त्यात दारू आणि ड्रग्जच्या व्यसनाशी जोडलेल्या मानसिक अवस्था स्पष्ट धरल्या आहेत. त्याच कायद्याचं कलम १८ म्हणतं की यादीतली अत्यावश्यक औषधं आपल्या ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीपासून वरच्या सगळ्या सरकारी ठिकाणी फुकट आणि कायम मिळाली पाहिजेत. फुकट आणि कायम. कागदावर काय सुंदर दिसतं. आणि पैसा नाही असं कुणी सांगू नये. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं तेव्हा वर्षाला सुमारे १४ हजार कोटी जादा मिळतील असा हिशेब सरकारनंच सांगितला होता. जादा, म्हणजे आधीचे सोडून. पिणाऱ्याच्या खिशातून तिजोरीत जाणाऱ्या पैशाचा हिशेब पैशापर्यंत होतो, पण त्यातला एक समुपदेशक आमच्या तालुक्याला येत नाही?

समुपदेशक म्हटलं की लोक हसतात. "बोलून दारू सुटते का?" शेजारच्या गोव्यातलं ऐका. तिथं सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, वैद्यकीय पदवी नसलेल्या लोकांना प्रशिक्षण देऊन पिणाऱ्या पुरुषांशी जास्तीत जास्त चार बैठका बोलायला लावलं. ३७७ पुरुष. अभ्यास २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. तीन महिन्यांनी विचारलं तेव्हा मागचे चौदा दिवस अजिबात न प्यायलेले, बोललेल्यांत ४२ टक्के, नेहमीचे उपचार घेतलेल्यांत १८ टक्के. प्रामाणिकपणे सांगतो, हे पुरुष धोकादायक पिणारे होते, हात थरथरण्यापर्यंत पोचलेले नव्हते. आपल्या हमालाला एवढ्यानं भागलं नसतं. पण तोही दहा वर्षांपूर्वी त्याच पायरीवर होता की. तेव्हा त्याच्याशी कोण बोललं?

पुण्याचं मुक्तांगण आपल्या सगळ्यांना माहीत आहे. १९८६ साली अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या देणगीतून. तिथं कुठलं यंत्र होतं? माणसं होती, फॉलोअप होता, बायकोला आणि घरच्यांना शेजारी बसवून बोलणं होतं, आणि घसरलेल्याला परत आत घेणं होतं. उद्या टीएमएस दारूवर पक्कं सिद्ध झालं तरी या सगळ्याला पर्याय म्हणून नाही, जोडीला म्हणूनच येईल. आलं तर मी स्वतः बातमी करीन. पैसे न घेता.

मला दोन-तीन जणांनी आधीच फोन केले. एक म्हणाले, तुम्ही नव्या विज्ञानाच्या विरोधात लिहिताय. अहो, खोटं यंत्र लावून खऱ्याशी तुलना करणारे ते स्वीडनचे लोक म्हणजे विज्ञान. छत्तीस हजार आगाऊ घेऊन शेवटची दारू कधी घेतली हेही न विचारणारा रिसेप्शन काउंटर म्हणजे विज्ञान नव्हे. दुसरे म्हणाले, पण आमच्या मेव्हण्याला फरक पडला. पडला असेल, आनंद आहे, खरंच. त्यांना यंत्रानं पडला, की यंत्राच्या निमित्तानं महिनाभर घरचे सोबत गेले-आले त्यानं पडला, हे एका मेव्हण्यावरून कळत नाही. म्हणून तर पन्नास-पन्नास मेव्हणे घेऊन अभ्यास करावा लागतो. तिसरे क्लिनिकशी संबंधित होते, त्यांनी दिवाळीच्या जाहिरातीची आठवण करून दिली. त्यांना सांगितलं, आठवण आहे म्हणूनच लिहितोय.

तुमच्या घरात कुणी असेल आणि अशा ठिकाणी जायचंच असेल, तर पैसे भरण्याआधी विचारा: एमडी मानसोपचारतज्ज्ञ रोज असतात की आठवड्यातून एकदा येतात? दारू तुटल्यावर पहिले चार-पाच दिवस कोण बघणार? फिट आली तर रात्री फोन कुणाला? हे यंत्र दारूसाठी अजून प्रयोगाच्या पातळीवर आहे, असं कागदावर लिहून सही करून देता का? शेवटच्या प्रश्नावर चेहरा बघा. आणि रोज पिणाऱ्याला घरच्या घरी एकदम बंद करायला लावू नका, कितीही राग आला तरी. आधी दवाखाना. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६, टेलिमानस १४४१६, दोन्ही फुकट.

पुरवणीत खुलासा छापा म्हणून मी वरिष्ठांना दोनदा विनंती केली. "जाहिरातीचा खुलासा कुठं असतो का?" असं उत्तर आलं. म्हणून इथं लिहिलं. यानंतर दिवाळीला माझ्याकडे जाहिराती कमी येतील, ते मी आणि घरचे बघून घेऊ. मला मिळालेलं कमिशन मी त्या बाईंच्या गटाच्या हप्त्यात भरलं, पण त्यानं चाळीस हजाराचं काही फिटत नाही. हप्ता अजून चालू आहे.

तो गडी महिन्याला जिल्ह्याच्या ओपीडीत जातो. गोळ्या चालू आहेत. होळीला एकदा घसरला, बायकोनं दुसऱ्याच दिवशी परत नेलं. ओपीडीच्या दिवशी त्याची मजुरी बुडते आणि तिकडं गोळ्या नसल्या तर चिठ्ठी लिहून मिळते.

मी ग्रामीण रुग्णालयात माहिती अधिकाराचा अर्ज दिलाय. मागच्या वर्षभरात दारूच्या व्यसनाचे किती पेशंट नोंदले, किती जिल्ह्याला पाठवले, बी-वनची इंजेक्शनं किती दिवस स्टॉकमध्ये नव्हती, कलम १८ च्या यादीतली कोणती औषधं आज कपाटात आहेत, आणि मानसोपचारतज्ज्ञ महिन्यातून किती वेळा आले, सही-तारखेसह. गेल्या सोमवारी आवक क्रमांक पडला. मुदत ३० दिवसांची. उत्तर जे येईल ते, जसंच्या तसं, इथंच टाकतो.